सरांचा राजा आणि दाऊदची होडी

सरांचे ओठ निळे पडले होते आणि ते होडीत बसायला तयार नव्हते.

जिन्याच्या सातव्या पायरीवर ते बसले होते. सहावी पायरी पाण्याखाली होती. पाणी चार दिवसांचं, गटाराचं, वर डिझेलचा तवंग. होडी पायरीला घासत हलत होती आणि माझा धाकटा दीर दाऊद छातीएवढ्या पाण्यात उभा राहून ती धरून होता. सरांचा चेहरा इतका सुजला होता की डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी राहिल्या होत्या. दोन शब्द बोलले की तिसऱ्याआधी श्वास घ्यावा लागत होता. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीन वेळा दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, तरच माणूस जगतो. त्यांचे वार ठरलेले: सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाऊस मंगळवारी झाला. बुधवार चुकला, शुक्रवार चुकला. हा शनिवार होता. रविवार ते बघतील असं मला वाटत नव्हतं. त्यांनाही वाटत नव्हतं.

"हमीदाबाई," ते म्हणाले, "मी इथेच बसतो. सरकारी बोट येईल."

सरकारी बोटी फिरत होत्या, खोटं कशाला बोला. पण शारजाच्या औद्योगिक भागात गल्ल्यांना गणती नाही आणि पाणी सगळीकडे. आमचा नंबर लिहून घेतला होता. पाळी यायची होती.

मी जिन्यात उभी राहून विचार करत होते की या माणसाला उचलून टाकावं की काय. माझं वय बहात्तर. उचलणं जमण्यासारखं नव्हतं.

शांतवन साळवे हे त्यांचं नाव. नगरकडचे मराठी ख्रिस्ती. दुबईत अल कुसैसच्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. कुसैसमध्ये घर परवडत नव्हतं, म्हणून हद्दीच्या अलीकडे शारजात राहायचं आणि रोज बसने पलीकडे जायचं. असे इथे हजारो आहेत. मी दाभोळच्या खाडीकाठची, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. नवऱ्यामागून इथे आले. नवरा गेला, मुलाच्या व्हिसावर राहिले, आणि नुसतं बसून राहणं जमेना म्हणून बिल्डिंगमधल्या एकट्या माणसांना जेवण करून घालायला लागले. माझ्याबद्दल एवढं पुरे.

सर माझ्याकडे जेवायला पहिल्यांदा आले तेव्हा धडधाकट होते. ताटावर बसण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि माझ्या पळ्यांकडे बघत बसले. माझ्याकडे दोन पळ्या. एक मटणाची, एक भाजी-आमटीची. पुण्याचे दोघे बँकेतले होते, ते मांसाला शिवत नसत. पळ्या दिसायला सारख्या, म्हणून भाजीच्या पळीच्या दांड्याला मी पांढऱ्या कापडाची पट्टी बांधायचे, रोज धुवून. हात चुकू नये, बाकी काही नाही. सरांनी विचारलं, ही पट्टी कशाला. मी सांगितलं. ते जेवायचं सोडून मोठमोठ्याने हसायला लागले. मला राग आला. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे, त्यांचा धर्म त्यांना.

तर म्हणाले, "हसत नाही हो. हजार वर्षांपूर्वी एका राजाने हेच केलं होतं."

मग त्यांनी पहिल्यांदा त्या राजाची गोष्ट सांगितली. नंतर ती मी इतक्या वेळा ऐकली की झोपेत सांगेन.

नॉर्वे म्हणून एक बर्फाचा देश आहे. तिथे तेव्हा व्हायकिंग लोक राहायचे, म्हणजे होड्या घेऊन दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर लूटमार करणारे. त्यांचे देव वेगळे होते, एक देव हातोडा घेऊन फिरणारा. त्यांचा हा राजा. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही. सर उच्चारायचे तेव्हा घशात काटा अडकल्यासारखा आवाज यायचा. माझी नात सना त्यांच्याच शाळेत शिकायची. ती म्हणायची, "दादी, इट्स सो ईझी." असेल. मी त्याला सरांचा राजा म्हणते.

हा राजा लहानपणी इंग्लंडात वाढला आणि तिथे ख्रिस्ती झाला. मोठा होऊन परत आला, राज्य मिळालं, पण सगळी प्रजा जुन्या देवांची. तो आपला गुपचूप रविवार पाळायचा, शुक्रवारी उपास करायचा. लोक काही बोलत नव्हते. मग त्याला वाटलं, सगळ्यांनीच असं करावं. त्याने धर्मगुरू बोलावले, चर्च बांधली. लोकांनी चर्च जाळली आणि तीन धर्मगुरू मारून टाकले. वर राजाला निरोप की तू आमच्या सणाला आमच्यात बसून जेव, नाहीतर दुसरा राजा बघतो. सणाला घोडा कापून देवाला द्यायचे आणि तोच शिजवून सगळ्यांनी खायचा. ख्रिस्ती माणसाला तो चालत नाही. राजा म्हणाला, मांस खाणार नाही. बरं, रस्सा पी. नाही पिणार. बरं, नुसती चरबी चाट. नाही. लोक हत्यारं घेऊन उठले. तेव्हा राजाच्या एका शहाण्या मित्राने मधला मार्ग काढला. राजा हंड्याजवळ गेला. हंड्याच्या कडीवर वाफेने चरबी बसली होती. राजाने कडीला पांढरं कापड गुंडाळलं, त्यावर तोंड उघडं धरलं आणि वाफ आत घेतली. लोकांनी मानलं, राजा जेवला. राजाने मानलं, मी जेवलो नाही.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, दोन्ही बाजूंना राग आला," सर म्हणाले. "पण पंगतीतून कोणी उठलं नाही. मुद्दा तो आहे."

'मुद्दा काय' हे त्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. दूध नासलं तरी मुद्दा काय, बस चुकली तरी मुद्दा काय. सना सांगायची, वर्गात कोणी लांबलचक उत्तर दिलं की सर डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी एवढंच विचारायचे. मुलं त्यांना 'मुद्दा सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा त्यांनी फळ्यावर स्वतःच लिहून ठेवलं.

पुढच्या सणाला लोकांनी राजाला पुन्हा गाठलं. आता वाफेवर भागणार नव्हतं. तेव्हा त्याने घोड्याच्या कलेजीचे चार-दोन घास खाल्ले आणि तो सण निभावला. मनात सूड घ्यायचा होता, सैन्यही जमवत होता, तेवढ्यात बाहेरून शत्रू चालून आला आणि ज्यांचा सूड घ्यायचा त्यांचीच मदत मागावी लागली. हे सांगताना सरांना फार मजा वाटायची.

मी एकदा स्पष्ट विचारलं की हा राजा तर हरला. मग तुम्हाला त्याचं एवढं काय? त्यांनी सांगितलं की हो, हरला. त्याच्यानंतर दुसरे राजे आले, त्यांनी तलवारीने धर्म पसरवला आणि ते जिंकले. मग म्हणाले, "माझे आजोबा गावातले पहिले ख्रिस्ती. आजी झाली नाही. शेवटपर्यंत खंडोबाला गेली. गाव म्हणायचं, हा बाटला आणि ही अडकली. चाळीस वर्षं दोघं एका चुलीवरचं जेवली. तलवारवाल्या राजांचं मला काय कौतुक? माझा राजा हाच."

त्यांना आजार झाला त्यानंतर तीन वर्षांनी. मुलगा म्हणाला, परत या. सर म्हणाले, दहावीची बॅच मध्येच टाकून येणार नाही. ती बॅच गेली, पुढची आली. शाळा संपली की तसंच दवाखान्यात जायचं, चार तास मशीनवर पडायचं, तिथे पेपर तपासायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या बसला उभे. पाच वर्षं. मी त्यांना एकदाही 'दमलो' म्हणताना ऐकलं नाही. चिडचिड करायचे, ती वेगळी गोष्ट. हातावर शीर जोडून केलेला एक फुगवटा होता, तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी सारखं थरथरायचं. वर्गातली मुलं घाबरली तेव्हा त्यांनी प्रत्येकाला बोट लावू दिलं आणि सांगितलं की आत मधमाशी आहे, ती थांबली तर सर खलास. सना घरी येऊन तीन दिवस तेच सांगत होती.

त्या आजारात पाणीसुद्धा मोजून प्यायचं. त्यांच्या स्टीलच्या तांब्यावर आतून लाल नेलपॉलिशची रेघ होती, दिवसभराचं पाणी तेवढंच. मीठ जवळजवळ बंद. भाजी दोनदा उकळायची, दोन्ही पाणी फेकायची, मग जे राहील ते खायचं. मी ते करून द्यायचे. त्याला चव कसली. मटणाचा रस्सा पूर्ण बंद, आणि हा माणूस माझ्या रश्शासाठी ताट धरून उभा राहणारा.

तर त्यांनी काय केलं? आले स्वयंपाकघरात, खिशातून धुतलेला रुमाल काढला, पातेल्याच्या कडेवर ठेवला, दोन्ही हात त्यावर टेकले आणि तोंड उघडं धरून वाफ घेतली. पुष्कळ वेळ. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि उकडलेल्या भाजीच्या ताटावर जाऊन बसले.

"राजाचं जेवण झालं," म्हणाले.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी मटण शिजलं की हा प्रकार. पुण्याचे दोघे सुरुवातीला तोंड फिरवून हसायचे. नंतर त्यांच्यातला एक म्हणाला, आंटी, सरांची वाफ झाल्याशिवाय आम्हाला वाढू नका. मी वाढत नव्हतेच.

एक गोष्ट सांगायची राहिली. सरांना पाण्याची भीती होती. नगरकडचा दुष्काळी मुलुख, त्यांनी लहानपणी पाणी बघितलं ते टँकरचं. आयुष्यभर व्हायकिंगांच्या होड्या शिकवल्या आणि स्वतः एकदाही होडीत बसले नाहीत. दुबईच्या खाडीत एका दिरहमात, म्हणजे तेवीसेक रुपयांत, लाकडी होडी पलीकडे सोडते. सगळं जग बसतं. सर लांब वळसा घालून मेट्रोने जायचे. मी चिडवलं की मेट्रो खाडीच्या खालून जाते, त्याची भीती वाटत नाही? म्हणाले, "पाण्याखालून जाईन. वरून जायचं नाही, दिसतं ते."

आता होडीबद्दल. आजारपणाच्या चौथ्या वर्षी त्यांनी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात राजाचं नाटक बसवायचं ठरवलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की हा परका देश, स्टेजवर कुठल्याच धर्माचं काही नको, ना त्यांचं, ना आपलं, ना तुमचं. त्यात 'तुमचं' हा शब्द होता. काही पालकांनीही कुजबूज केली होती की साळवे सर आपला प्रचार करतात. सर तीन आठवडे भांडले. नंतर एक दिवस शांत झाले आणि नाटकातून ख्रिस्त, देव, चर्च, क्रूस, सगळे शब्द काढून टाकले. राजा एवढंच म्हणतो की हे मी खाणार नाही. का, ते सांगतच नाही. मी म्हटलं, मग उरलं काय? म्हणाले, हंडा उरला, राजा उरला, वाफ उरली. पुरे.

नाटकासाठी होडी हवी होती. दाऊदचं दोन गल्ल्या सोडून सुतारकामाचं दुकान, शेल्फ आणि पेट्या करायचं. आमचे सासरे दाभोळच्या खाडीवर होड्या बांधायचे. दाऊद पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या हाताखाली होता. सरांनी त्याला कागदावर चित्र काढून दिलं. लांब होडी, पुढे सापाचं तोंड. आणि सांगितलं, "दाऊद, आतून काही नको. नुसती पुढून दिसायला बरी हवी. एका बाजूची फळी, मागे टेकू."

दाऊद म्हणाला, "हो सर, हो सर, इन्शाल्ला."

आणि त्याने होडी बांधली. एका बाजूची नाही, अख्खी. मालाच्या पेट्यांचं लाकूड घेऊन, आत फासळ्या ठोकून, फळीला फळी भिडवून, फटींत कापूस ठासून, वरून राळ आणि तेल. सहा माणसं बसतील अशी. दीड महिना दुकानाची कामं मागे ठेवून. मी विचारलं, अरे, सरांनी काय सांगितलं होतं? तर म्हणतो, "भाभी, खोटी होडी कशी करतात ते मला येत नाही. हात जातच नाही तसा. अब्बांनी शिकवली ती एकच."

सहा माणसांना उचलायला भारी. टेम्पोत घालून कुसैसला नेली तर शाळेच्या हॉलच्या दारातून आत जाईना. मुख्याध्यापिका बाई बाहेर येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, ही परत न्या. सरांनी चादरीवर होडी रंगवून घेतली. दाऊद तीच होडी टेम्पोत घालून परत आला. सापाचं तोंड काढून जळणात टाकलं, दुकानाच्या मागच्या शेडमध्ये होडी साखळीने बांधली आणि तिच्यात रंगाचे डबे ठेवायला लागला. सरांशी बोलणं बंद.

नाटक झालं. मी गेले होते. राजाने हंड्यावर तोंड उघडलं तेव्हा मुलं हसली, पालक टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर बायकांनी सरांना घेरलं. एक म्हणाली, शाकाहारावर किती सुंदर नाटक केलंत, आमच्या घरी मुलगा ऐकतच नाही. दुसरी म्हणाली, खरंच, राजासुद्धा व्हेज. सर मान हलवत सगळ्यांना थँक्यू म्हणत राहिले. बसमध्ये बसल्यावर इतके हसले की डोळे पुसावे लागले. "हमीदाबाई," म्हणाले, "राजाला बिचाऱ्याला कळलं असतं तर त्याने असाच धर्म पसरवला असता."

दाऊदचं मौन सहा महिने चाललं. जिन्यात समोरासमोर आले तरी तो भिंतीकडे बघायचा. मग बकरी ईद आली. आमच्याकडे ईदच्या सकाळी आधी कलेजी तळतात, बाकी मटण नंतर. सगळे जमले होते. सर शुभेच्छा द्यायला आले. मी त्यांना रिकामी बशी दिली, वाफ घ्यायला पातेल्याकडे जागा करून दिली. ते पातेल्याकडे गेले नाहीत. सरळ दाऊदसमोर जाऊन बसले आणि त्याच्या ताटलीतली कलेजी उचलली. मी ओरडणार होते, डॉक्टरने मना केलेली वस्तू. सरांनी हाताने थांब म्हटलं. चार घास खाल्ले, सावकाश, दाऊदकडे बघत.

"चूक माझी होती," म्हणाले. "मी तुला खोटं काम सांगितलं."

दाऊदने ताटली त्यांच्या हातातून काढून घेतली. "बस झालं सर, मराल," म्हणाला. सहा महिन्यांनी पहिलं वाक्य हे. दुसऱ्या दिवशी मशीनवर डॉक्टरने सरांना इतकं झापलं की ते दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत, जशी काही मी भरवली होती.

त्यानंतरच्या वसंतात तो पाऊस झाला. इथे पाऊस म्हणजे वर्षातून दोन-तीन दिवस शिंतोडे. त्या मंगळवारी दिवसभर आभाळ फाटलं. संध्याकाळी तळमजला गेला, लाइट गेली, लिफ्ट गेली. आम्ही वर अडकलो. सर म्हणत राहिले, उतरेल, उद्या उतरेल. तांब्यातली लाल रेघ त्यांनी स्वतःच खाली आणली, आधी निम्म्यावर, मग दोन घोटांवर. बर्फ नव्हता, नाहीतर चोखायला दिला असता. पाणी जायला वाटच नव्हती, ते उतरलं नाही.

शनिवारी सकाळी दाऊद आपली मशीनं बघायला पाण्यातून दुकानाकडे गेला. मशीनं बुडाली होती. शेडमध्ये होडी साखळी ताणून पाण्यावर उभी होती, रंगाच्या डब्यांसकट. आत थेंब नाही. त्याने डबे पाण्यात ढकलले, साखळी तोडली आणि होडी लोटत घेऊन आला.

म्हणून आम्ही त्या सातव्या पायरीवर होतो.

"बसा सर," दाऊद म्हणाला. "मोठ्या रस्त्यावर अँब्युलन्स उभ्या आहेत, मी बघून आलो. अर्धा तास."

सरांनी पाण्याकडे बघितलं आणि मागे सरकले. आठव्या पायरीवर. मग माझ्याकडे वळून बोलायला लागले. तुकड्या-तुकड्यांनी बोलत होते, मी सलग लिहिते. "हमीदाबाई, राजा मरताना काय म्हणाला, आठवतं? म्हणाला, या परक्या देवांच्या लोकांत मेलो तर तुम्हाला योग्य वाटेल तसं मला पुरा. त्यांनी त्याला त्यांच्या रीतीने पुरलं, त्याच्या हत्यारांसकट. माझंही तसंच. इथे गेलो तर तुमच्या रीतीने ठेवा. माझी हरकत नाही."

मला हे असलं बोलणं आवडत नाही.

"पुरायला जमीन कुठे आहे?" मी म्हटलं. "चार दिवस पाणी आहे. तुम्ही मेलात तर याच पायरीवर पडून राहाल आणि मला वर-खाली जाताना तुम्हाला ओलांडावं लागेल. माझे गुडघे दुखतात."

दाऊद पाण्यात उभा राहून हसला. सर हसले नाहीत. मी त्यांच्या हातावरच्या फुगवट्यावर बोट ठेवलं. मधमाशी होती अजून, पण मंद.

"मुद्दा काय?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "दिसतं ते," म्हणाले. "पाणी. दिसलं नाही तर बसेन."

मी वर गेले. गुडघे दुखत होते तरी दोन मजले चढले. स्वयंपाकघरात भाजीची पळी खिळ्याला लटकत होती. तिच्या दांड्याची पट्टी तोकडी पडली असती. ती ज्या जुन्या चादरीतून मी फाडायचे ती चादर कपाटात होती, पांढरी, धुतलेली. तिच्यातून दोन हात लांब पट्टी फाडली, घेऊन खाली आले आणि सरांच्या डोळ्यांवर बांधली. दोन गाठी मारल्या.

"दाऊदसाठी चार घास खाल्लेत ना?" मी म्हटलं. "आता त्याच्यासाठी चार पावलं चाला. यल्ला, उठा."

ते उठले. एक हात माझ्या खांद्यावर, एक हात भिंतीला. सातव्या पायरीवर पाय ठेवला, मग सहाव्यावर, पाण्यात. पाणी पायाला लागल्यावर सगळं अंग ताठ झालं. मी मागून ढकललं, दाऊदने पुढून कंबर धरली. होडी एका बाजूला कलली, ते आत बसले, तळाशी टेकले. आडवं होता येत नव्हतं, आडवं झाले की श्वास कोंडायचा. म्हणून ताठ बसले, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून.

दाऊदने होडी फिरवली. एवढ्यातही त्याला राहवलं नाही.

"सर, आता सांगा. पुढून दिसायला बरी आहे का?"

"मला," सर म्हणाले, "दिसत नाही, दाऊद."

गल्लीत बुडालेल्या गाड्यांची नुसती छतं दिसत होती. त्यांच्या मधून दाऊद होडी लोटत चालला. मी सातव्या पायरीवरून बघत होते. सर पाठमोरे नव्हते. होडी उलटी निघाली होती, त्यांचं तोंड माझ्याकडे. पांढरी पट्टी डोळ्यांवर, आणि हवा पुरत नव्हती म्हणून तोंड सताड उघडं. टायरच्या दुकानापाशी होडी वळली. त्यानंतर मी त्यांना पुन्हा बघितलं नाही. दवाखान्यातून मुलगा त्यांना थेट पुण्याला घेऊन गेला. दहावीची बॅच या वेळी मध्येच राहिली.

होडीने दोन दिवसांत आणखी चौदा माणसं बाहेर काढली. मी शेवटच्या खेपेत गेले.

सर जगले. दाऊद जगला. मी जगले.